तकलीक

फोनवर मला आधी 'तकलीफ'च ऐकू आलं.
कापूस पिंजायचं मशीन बंद केलं,
तोंडावरचा फडका खाली ओढला,
म्हटलं, शबनूर, लग्नाच्या दिवशी कसली तकलीफ गं?

ती हसली. तिकडं मलेशियात, इपोहच्या दवाखान्यात
चार वर्षं रात्रपाळी काढलेली माझ्या भावाची पोर.
तकलीक, फुफू. क. कमळातला.

मग सांगत बसली.
निकाहाआधी दोन दिवस वर्गात बसले दोघं,
नवरासुद्धा, वही-पेन घेऊन.
दुसरी करायची तर आधी कोर्टाची पायरी.
आणि कबूल झाल्यावर, सगळ्यांसमोर,
त्यानं कागद हातात घेऊन वाचलं:
मी हिला चार महिने टाकलं,
खायला घातलं नाही,
हिनं कोर्टात सांगितलं, खरं ठरलं,
तर ही सुटली.
वाचताना त्याचा घसा सुकला म्हणे,
सासूनं पाण्याचा पेला पुढं केला.

माझ्या वेळी तासगावात
पडद्याआडनं मी नुसतं हूं केलं होतं.
मेहर पाचशे एक.
ती माफ करायची असते, हे थोरल्या जावेनं
उंबऱ्यातच कानात सांगितलं.
अब्बानं सायकल दिली, घड्याळ दिलं,
स्वतः पिंजलेल्या कापसाची गादी दिली.

त्याच सायकलवरनं दस्तगीर गेला
विजापूरला, बेदाण्याच्या गाडीवर.
तिकडं घर आहे. दोन पोरी आहेत.
मी जमातीत दोनदा गेले.
सबर कर म्हणाले, आणि चहा पाजला.

शबनूर म्हणाली, फुफू, आपल्याकडंबी कायदा आहे की,
दोन वर्षं पोसलं नाही तर. जुना आहे, आजीच्या जन्माआधीचा.
असंल.
मला कुणी मोठ्यानं वाचून दाखवला नाही.

एकोणीस वर्षं. वर्षाला तीन.
पेरांवर मोजलं, दोनदा चुकलं.
सत्तावन्न वेळा सुटले असते गं मी,
एवढ्या वेळा तर त्या गादीचा कापूसबी
काढून पिंजला नाही.

दारात कवठ्याचं गिऱ्हाईक ताटकळलेलं,
लेकीच्या लग्नाची गादी, परवा पाहिजे.
म्हटलं थांबा जरा.
पावतीबुकाच्या मागं, जुन्या बाकीच्या खाली,
पोरगी सांगंल तसं लिहीत गेले.
टाकलं. चार महिने. सांगितलं. सुटली.
मशीन चालू करायच्या आधी
गिऱ्हाइकाला विचारलं,
लेक लिहायला-वाचायला शिकलीय ना?