रुमालाखाली

तवनाप्पा चौगुले, खाट नंबर चार,
चाळीस वर्षं शाहूपुरीत गुळाचे अडत्ये.
नाकात नळी, गळ्याला भोक,
भोकाला मशीन.
श्वास मशीन घेतं
आणि यांच्या खात्यावर मांडतं.

तीन वर्षं झाली.
रंकाळ्याकडची खिडकी मिळावी म्हणून जादा पैसे भरलेत,
बघते मी एकटीच.

तक्ता सांगतो: रात्री दहा, दोनशे मिली.
रात्री दोन, दोनशे मिली.
दिवस बुडाला की हा माणूस
पाण्याचा घोट घ्यायचा नाही,
स्वतःच्या वरातीतसुद्धा नाही,
असं पद्माक्का सांगते. धाकटी बहीण, वय ऐंशी.
मुनी महाराजांसमोर बोलला होता म्हणते,
वेळ आली की एकेक घास सोडीन.

कागद आहे का, डॉक्टरांनी विचारलं.
कागद नाही. शब्द होता.
शब्दावर गाड्या सुटायच्या तेव्हा गुळाच्या.

शीतल, मुलगा, वाईट नाही हो.
दर रविवारी येतो, पाय चेपतो.
"बंद करा म्हणालो तर बापाला मारलं म्हणतील."
कोण म्हणतील ते सांगत नाही.
संघाच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचे लोक
येऊन पाया पडून गेले,
मतदार यादीत नाव आहे अजून.

माझा बा चंदगडाहून सीपीआरला आणताना
कागलच्या अलीकडं जीपमध्येच गेला.
त्याला मशीन पाहिजे होतं.
हा हिशोब मी रात्री घालत बसते,
जुळत नाही.
यांचं काढून त्याला थोडंच लावता आलं असतं.

सौद्यात भाव तोंडानं बोलत नसत,
हेही पद्माक्कानंच सांगितलं.
रुमालाखाली हातात हात,
बोटं दाबायची, ज्याचं त्यानं समजायचं.

परवा मी चादरीखाली हात घातला.
म्हटलं, आप्पा, काय भाव?
दोन बोटं दाबली त्यांनी.
का शीर उडाली नुसती?
दोन म्हणजे काय हो आप्पा,
दोन दिवस? दोन वाजताचं नको?
बराच वेळ हात तसाच ठेवला.

हल्ली दहाचं मी पाळीवर आल्या आल्या देते,
ऊन अजून पाण्यावर असतं तेव्हा.
दोनचं उजाडल्यावर.
वहीत लिहिते दहा आणि दोन.

पद्माक्काला ठाऊक आहे.
संध्याकाळी आली की घड्याळाकडं बघत नाही ती,
खिडकीकडं बघते,
मग म्हणते, दे लवकर.