पाकिटातला कोळसा

चाळीस वर्षं जमिनीखाली कोळसा फोडला यार्मिलने
आणि म्हातारपणी दुकानातून कोळसा विकत आणायचा.
पाव किलोचं पाकीट. तेही नारळाच्या करवंटीचं.
"याला भोकं जास्त," म्हणायचा,
"आपल्या ओस्त्राव्हाच्या कोळशात एवढा श्वास नाही."
तेव्हा मी हसले नव्हते. आता हसते,
चौथ्या मजल्यावर, सकाळी सहाला,
त्याच्या तीन टाक्यांसमोर.

टाकीमागे वर्तमानपत्र चिकटवायचं
आणि पुढून वाचायचं, ही त्याची पद्धत.
बारीक अक्षर लागलं की पाणी ठीक.
मीही तेच करते. फक्त
निधनवार्तांचं पान लावत नाही.

पहिलीत कोळसा.
ओंडक्याने पाण्याचा चहा केला होता,
तीन दिवसांत याने तो पिऊन टाकला.
चौथ्या आठवड्यात संपला असणार.
असणार म्हणते, कारण दिसत नाही:
भरलेला कोळसा आणि रिकामा कोळसा
सारखेच काळे.
डॉक्टरांनी फोटो उजेडात धरेपर्यंत
यार्मिलचं तरी कुठे कळलं होतं.

आणि माशांना औषध देताना तो आधी बाहेर काढायचा,
नाहीतर औषधही खातो.

दुसरीत जिओलाइट. फिकट हिरवे खडे.
रंगाशी यांना देणंघेणं नाही,
माशांनी सोडलेलं, डोळ्यांना न दिसणारं, तेवढं धरतात.
मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवले की सगळं ओकतात,
सकाळी पुन्हा कामावर.
माझा दीर ओताकार असाच. शनिवारची रात्र, सोमवारची पाळी.
एकदा जखमी माशासाठी मी टाकीतच मीठ घातलं,
खडे आत आहेत हे विसरून.
महिन्याभराचं धरलेलं त्यांनी एका दुपारीत सोडून दिलं.
सहा निऑन गेले.
वहीत लिहिलं: चूक माझी.

तिसरीत राळ, रव्यासारखे पांढरे दाणे,
किंमत कोळशाच्या चौपट.
ही निदान प्रामाणिक, थकली की कॉफीच्या रंगाची होते.
मग ब्लीचमध्ये एक रात्र,
वास जाईपर्यंत धुणं,
आणि पुन्हा पांढरी, जसं काही घडलंच नाही.
हिच्या पाण्यातून छापखान्याचा पत्तासुद्धा वाचता येतो.
मासे मात्र बिचकतात,
दिवसभर पानांमागे.

खालच्या मजल्यावरची द्राहोशा विचारते,
"मग यातलं चांगलं कुठलं?"
कशासाठी, ते आधी सांग, म्हणते मी,
आणि ती कंटाळून बिस्किटं मागते.

फेब्रुवारीत तिसरी टाकी दुधासारखी झाली.
राळ धुतली. नवा कोळसा टाकला. खडेही टाकले.
दूध ते दूधच.
दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला,
"फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात ना?"
धुतला होता. दोनदा. साबण तेवढा लावला नव्हता.
"चांगले जंतू मेले, आता नवे माजलेत.
याला पिशवी नाही, बाई.
खाणं कमी घाला, आणि थांबा."

थांबले.
वर्तमानपत्र टाकीमागून काढलं,
हातात धरून वाचलं, कित्येक महिन्यांनी,
हवामानापासून जुन्या गाद्यांच्या जाहिरातींपर्यंत.
नवव्या दिवशी मान वर केली
तर पलीकडची भिंत दिसत होती,
तिच्यावरचा खिळासुद्धा.

ओंडक्याच्या टाकीत आता काही घालत नाही.
चहा तर चहा. मासे पुढे येतात.

पण पाकीट अजून आणते.
नवा कोळसा आधी धुवावा लागतो ना,
न्हाणीघरात, टबाच्या कडेला बसून,
चाळणीतून पाणी काळं, मग राखाडी.
खाणीवरून आंघोळ करूनच यायचा तो,
तरी डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या,
आणि उशीला ते लागायचं.
मी भांडायचे.

सातवं पाणी.
अजून एक बारीक काळी रेघ उतरते आहे.