पलायन

शाळा रेसिडेन्सीच्या मागे.
या खोल्यांत पूर्वी साहेबाचे घोडे उभे असत.
आठवी ब च्या भिंतीत एक लोखंडी कडं आहे अजून,
मुर्तुझा त्याला पाण्याची बाटली अडकवतो.

वर्ग हिंदीत चालतो. मी मोजते मराठीत,
चिडते मराठीत,
आणि एखादा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसला
की जरा थांबते.

आज फळ्यावर धड्यातलेच शब्द मांडले.
कंपनीचं आगमन.
मराठ्यांचा विस्तार.
(आगमन तर गणपतीचं होतं, मनात म्हटलं,
आणि विस्तार वडाचा.)
त्याखाली, भूगोलाच्या पुस्तकातून उसना:
झाबुआ-अलीराजपूरच्या मजुरांचं पलायन.

म्हटलं, शब्द उचला. कुणाचा कुणालाही लावा.

आधी हसले.
मग जयेश मोटवानी म्हणाला, कंपनीचं पलायन.
आणि तुमचं रे, सिंधहून?
दादी म्हणते, काही नाही,
पापड लाटायला जागा पाहिजे होती.

मुर्तुझाचे खापरपणजोबा अफूच्या पेट्यांवर नंबर घालायचे,
हे त्याला परवापर्यंत माहीत नव्हतं.
माळव्यातून मुंबई, मुंबईहून गलबतं, पुढे चीन.
नकाशावर बोट फिरवत त्यानं विचारलं,
चीनच्या पुस्तकात आपल्यासाठी
कुठला शब्द असेल, मॅडम?

मला ठाऊक नव्हतं.
फळ्यावर तेवढी जागा मोकळी सोडली.

रेलम डावर शेवटच्या बाकावर.
वसतिगृहात राहते. आईबाप सुपर कॉरिडॉरला
कुणाच्या तरी अकराव्या मजल्याचा स्लॅब टाकतात.
उभी राहिली. पळतं कोण?
दिवाळी झाली की येतात, तिकीट काढून येतात.
भगोरियाला परत जातात.
पळून जायला काय चोरलं आहे?

कुणी हसलं नाही. पंखा तेवढा करकरत होता.

मग तिनंच, अगदी साध्या आवाजात:
आणि तुमचे कधी आले?

आमच्या फ्लॅटमध्ये मोडीतला एक कागद आहे, काचेखाली.
वाचता कुणालाच येत नाही. काका पाठ सांगतात:
आपण स्वारीबरोबर आलो.
स्वारी! घरातला माणूस जेवायला उशिरा आला
तरी आम्ही म्हणतो, आली का स्वारी.
मुलूखगिरी म्हणजे मला लहानपणी सहल वाटायची,
डबे घेऊन, झाडाखाली.
घोड्यांना दाणा कुणाच्या शेतातला,
ते त्या कागदात नसावं.
असलं, तरी काकांच्या पाठांतरात नाही.

म्हटलं, पावणेतीनशे वर्षं होतील. घोड्यावरून.
कशाला?
वसुलीला.
मग?
मग राहिलो.

तिनं मान हलवली, जशी बाजारात
भाव ऐकून हलवतात. घेतलाही नाही, सोडलाही नाही.

तुमच्या बोलीत काय म्हणतात, विचारलं,
इकडे येण्याला?
तिनं सांगितलं.
मी लिहिलं. तसं नाही, म्हणाली.
काना पुसला, अनुस्वार दिला. तसंही नाही.
शेवटी खडू तिच्या हातात दिला
आणि तिच्या बाकावर जाऊन बसले.
तिथून फळा दिसतच नाही नीट,
खिडकीची तिरीप बरोब्बर मधोमध पडते.
सहा महिने झाले,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती लिहीत होती, अडखळत,
आणि घंटा झाली.

गणिताच्या सरांनी आल्या आल्या फळा पुसला.
पलायन गेलं, आगमन गेलं, रेलमचा अर्धा शब्द गेला,
चीनची मोकळी जागासुद्धा पुसली त्यांनी.
डावा वरचा कोपरा त्यांच्या हाताला पुरत नाही.
तिथे माझ्याच अक्षरात
विस्तार
राहिला, शाळा सुटेपर्यंत.