दोरी काप

रात्री साडेअकराला निघते आमची गाडी
पंचवटीच्या विभागीय कार्यालयातून.
मी, रंगनाथ बेंडकुळे, चालवायला अस्लम.
बांबूला बांधलेले दोन विळे, एक शिडी,
आणि साहेबांनी सही केलेला कागद,
ज्यात उतरवलेल्या फलकांची संख्या
आधीच भरलेली असते.

मालेगाव स्टँड, दिंडोरी नाका, मग पेठ रोड.
खांबाखांबावर हसणारी माणसं,
गळ्यात साखळी, कानाला फोन,
खाली तिकिटाएवढी पन्नास तोंडं, शुभेच्छुक.
हायमास्टच्या उजेडात सगळ्यांची नावं वाचता येतात,
परवानगी क्रमांकाची जागा तेवढी कोरी.

रंगनाथनं पहिल्याच रात्री शिकवलं :
दोरी काप. माणूस कापू नको.
एकदा घाईत त्यानं कुणा दादांच्या गालातून विळा ओढला,
तर आठ महिने मोकाट कुत्र्यांच्या गाडीवर काढले.
तेव्हापासून आम्ही सोडवतो, फाडत नाही.
वरचे दोन कोपरे सैल झाले
की हसता हसता माणूस पुढे वाकतो,
कमरेत दुमडतो,
मत मागायला आल्यासारखा.

उतरवलेलं गोदामात जायला हवं. जातं बरंचसं.
उरलेल्याचं काय होतं
ते फुलेनगरात एखाद्या गच्चीवरून खाली बघा.
पत्र्यांवर, विटांखाली,
किती भावी नगरसेवक
निवडून न येताच कामाला लागलेत.

श्रावणात मखमलाबाद नाक्यावर
रंगनाथनं टेकवलेली शिडी परत उचलली.
मयूरेश थेटे. याला तर जूनमध्ये उतरवलाय आपण.
तोच गॉगल, तोच मोरपंखी शर्ट,
तेव्हा मागे फटाके होते, आता ढग.
शुभेच्छुकच्या जागी शोकाकुल,
खालची पन्नास तोंडं तीच,
तशीच हसरी.

अस्लमनं इंजिन बंद केलं.
दहावा होऊ दे, रंगनाथ म्हणाला.
कागदावरचा आकडा त्या रात्री एकानं खोटा ठरला.
तसा तो रोजच ठरतो.

अकराव्या रात्री गेलो तर खांबाखाली माणूस उभा.
रबरी चपला, मुंडण केलेलं डोकं.
हा न्या, म्हणाला, नियम आहे तर न्या.
मला तो आधीचा हवा होता. वाढदिवसाचा.
खर्चावरून भांडलो त्याच्याशी,
वर मान करून पाहिलाच नाही.
पावती फाडावी लागेल का?

गोदामात शोधतो, मी म्हणालो.
रंगनाथ खालच्या दोरीशी खेळत राहिला.

पहाटे गाडी कार्यालयाकडे वळलीच नाही.
चामरलेण्याच्या पायथ्याशी, रंगनाथच्या दारात थांबली.
शेळ्यांच्या छपरावर चढून
त्यानं एकेक वीट बाजूला ठेवली.
मी विळा पुढे केला, त्यानं घेतला नाही.
पावसानं आवळलेल्या गाठी
बोटांनी सोडवल्या, एक दातांनी.
हौदावर पसरून पावडरीनं धुतला,
गॉगलवर कावळ्यानं केलेली घाण
नखानं खरवडली,
काच फुटेल अशा बेतानं.

उघड्यावर आलेल्या शेळ्या
आमच्याकडे बघत होत्या. एक करडू ओरडलं.
अस्लमनं काही न विचारता
गाडीतून रात्रीचा एक भावी आमदार ओढला
आणि वर फेकला.