कारण : इतर

रात्रपाळीला माझ्यासमोर एकशे अठ्ठ्याऐंशी दिवे.
हिरवा म्हणजे आहे. लाल म्हणजे नाही.
पिवळा आम्ही ठेवलेलाच नाही,
उगाच कुणाला कशाला आशा लावा.

नोंदवही फक्त बदल लिहिते.
अकोट्याच्या पंपघराचा दुवा सहा वर्षं चालतोय,
गुणी, अबोल,
त्याच्या नावावर एक ओळ नाही.

सदतीस नंबर तसा नाही.
विश्वामित्रीच्या काठी, पुलाखालच्या पेटीतला,
नदी किती चढली ते सांगणारा :
२:१४ खाली
२:१४ वर
२:१९ खाली
२:२० वर
दर वेळी माझा फोन टुण्ण, साहेबांचा टुण्ण.
तिसऱ्या रात्री साहेब म्हणाले, गुप्तेबाई, याचं तोंड बंद करा.
मग मी नियम लिहिला :
दहा मिनिटांत पाचदा वरखाली झाला
तर पुढचं कुणाला कळवू नये.

लिहिताना हात जरा थांबला.
दारूबंदीच्या या राज्यात
माझ्या भावानं दारू सोडली तेव्हा,
चौथ्यांदा,
आईनं त्याच्या हातावर साखरसुद्धा ठेवली नव्हती.

सकाळी भूपतभाई शिडी घेऊन गेले
आणि लांबूनच फोन केला :
वैजूबेन, मगर बेठो छे.
त्यांच्याकडे तो, आमच्याकडे ती.
काही असो, पौषाचं ऊन खात
बरोब्बर केबलच्या नळीवर पसरली होती.
नळी तिच्या वजनानं चिरली,
रात्री दव आत शिरे,
आणि वाडीतल्या माझ्या उशाशी फोन कण्हे.

फॉर्ममध्ये कारणं चारच :
वीज, केबल, उपकरण, इतर.
मी इतर निवडलं. शेऱ्यात लिहिलं : मगर.
साहेबांनी खोडून 'प्राणी' केलं.
वनखात्याचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला,
जागा तिची आहे, तुम्ही तुमची तार हलवा.

हलवली. खांबावरून, उंच.
भूपतभाईंनी खाली उतरून
तिला लांबूनच नमस्कार केला.

तेव्हापासून सदतीस नंबरची ओळ नाही.
कालची नाही, परवाची नाही.
वहीची पानं उलटत मागे जावं
तर एका तारखेशी 'वर' असं लिहिलेलं
आणि त्याखाली सगळे दुसऱ्यांचे आकडे.

भाऊ संध्याकाळी दांडिया बाजारातून भाजी आणतो.
मेथी निवडायला बसतो आईसमोर.
एकेचाळीस दिवस.
ती मोजते की नाही कोण जाणे,
काल तिनं नुसतं विचारलं, चहात साखर किती?

काल रात्री मी तो नियम काढून टाकला.
आता सदतीस नंबर एकदा जरी पडला
तरी मला कळवायचं.
वाजलेला नाही अजून.
मधूनमधून फोन उचलून बघते,
आवाज चालू आहे ना.