हातचा एक

जानेवारीत ग्रिम्सबीच्या नव्या शाळेत रुजू झाले
आणि त्याच आठवड्यात शाळेला कुलूप लागलं.
मग ओट्यावरच वर्ग मांडला:
मिसळणाच्या डब्यावर पोह्यांचा डबा,
त्यावर आडवी पट्टी, पट्टीला रबरबँडने फोन,
खाली कोरा कागद.
मुलांना दिसायचा फक्त माझा उजवा हात
आणि त्याची सावली, जी उत्तराच्या आधी पोहोचायची.

एकवीस वर्षं मी वर्गाकडे पाठ करून लिहीत आले
आणि पाठीनेच ऐकत आले,
कुणाचं पेन अडलं,
कोण खिडकीतल्या बोटीबरोबर निघून गेलं.
आता समोर अठ्ठावीस काळे चौकोन
आणि पाठ फ्रिजला टेकलेली, ठार बहिरी.
"समजलं?" विचारलं की
फ्रिजच हुंकार द्यायचा.

पहिल्या आठवड्यात फार बोलले.
शांततेला घाबरून
दशांश चिन्हांवर शब्दांचा गिलावा केला.
मग शिकले:
प्रश्न टाकायचा आणि मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा.
दोनशे बत्तीसपर्यंत कुणीतरी येतंच.

ओवेन थॅकरे मात्र यायचा नाही.
एक चौकोन, एक नाव,
माइक उघडला की सीगल,
चिप्सच्या कढईची चरचर, कुणाचं तरी तान्हं,
आणि "एक मिनिट, मिस."
ते मिनिट कधी सोमवारी सुरू होऊन
गुरुवारी संपायचं.
मी वहीत लिहिलं: लक्ष नाही.

इथे हातचा उचलून पुढच्या घरात नेतात.
आम्ही तो हातातच धरायचो,
मूठ मिटून, एक बोट उभं ठेवून.
मोठ्या बेरजेला माझा डावा हात
नकळत कागदावर यायचा, ते बोट घेऊन.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मार्चच्या आठ तारखेला वर्ग भरला.
खिडक्या सताड उघड्या, तोंडांवर मास्क,
अठ्ठावीस जोड्या डोळे
आणि मला एकही चेहरा ठाऊक नाही.
माझा हात दोनदा हवेत गेला,
सगळ्यांना म्यूट करायला.
गणित घातलं. गप्प झाले. पाढा सुरू केला.

शेवटच्या बाकावर एक मुलगा
डावी मूठ बाकाच्या कडेला टेकवून बसलेला,
एक बोट उभं.

"हे कुठे शिकलास?"
"एक मिनिट, मिस," तो म्हणाला, बेरीज संपवली,
मग वर पाहिलं.
"तुमच्याकडूनच. हात ओळखला मी.
बाकीच्या तुम्ही नवीन आहात."

आता फळा आहे, पट्टीवरचा फोनही आहे,
ज्याच्या घरी ताप असेल त्याच्यासाठी.
पाठीला पुन्हा ऐकू येतं,
पूर्वीइतकं नाही.

वहीतलं "लक्ष नाही" मी खोडलं नाही.
कुणाचं, ते नंतर नीट वाचलं.
त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात
एक मांडून ठेवला आहे.
अजून कुठल्या घरात मिळवायचा, ते ठरत नाही.