विरजण

टिल्काबाईंच्या परसातली माती
मार्चअखेर ट्रकमधून परत आली,
डोंगराच्या सावलीत बर्फ अजून पडून होतं तेव्हा.
आमच्या कारखान्यात तिला तीनदा धुतलं होतं.
किलोमागे अकराशे मिलिग्रॅम शिसं होतं,
आता नव्वद.
कागदावर सही घेताना मी म्हणालो,
धुतल्या तांदळासारखी झालीय बघा.

त्यांनी मूठभर उचलली, नाकाशी नेली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं पाहावं कुणी
भलतंच मूल दारात उतरवणाऱ्या बसवाल्याकडे.
"वास कुठाय हिचा?"

वासाचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

मेझिकाच्या खोऱ्यात भट्टी विझली
त्याला एक पिढी झाली.
तरी शाळेत मुलं अजून रांगेनं बोट पुढे करतात,
थेंबभर रक्तासाठी.
माती खाल्लीस, हे इथं कुणी रागानं म्हणत नाही;
ती नर्सच्या वहीतली नोंद असते,
पुढे आकडा.
टिल्काबाईंच्या ब्लाझचा आकडा एकेकाळी बत्तीस होता.
आता त्याची नेजा तीन वर्षांची आहे,
आणि तिला कुंपणापाशी बसून
बोटानं जमीन उकरायला फार आवडतं.

त्या वसंतात सॅलडची पानं उगवली खरी,
पण बसा कुणी म्हटलं नाही अशा पाहुण्यांसारखी
फिकट, अवघडून उभी राहिली.
पाणी घातलं की वरच तळं.
वाळलं की पापुद्रा.
फावड्याखाली एकही गांडूळ तुटेना.
शिशाबरोबर आम्ही जस्त नेलं होतं, लोह नेलं होतं,
आणखी कायकाय नेलं
त्याला आमच्याकडे नावं नव्हती.

मी सांगितलं, एक सुती पांढरं कापड पुरा,
सहा महिन्यांनी काढू.
माती जिवंत असेल तर ते खाईल.
त्यांनी नवऱ्याचा लग्नातला शर्ट आणला.
जुनं फडकं चालेल, म्हटलं मी.
"फडकं मला लागतं," म्हणाल्या.

ऑक्टोबरात शर्ट जसाच्या तसा निघाला.
त्यांनी तो धुतला, इस्त्री केला,
खुंटीला टांगला,
आणि दुसऱ्या दिवशी दुधाचा कॅन घेऊन
डोंगरापलीकडे नणंदेकडे गेल्या.
तिच्या नासपतीच्या झाडांखाली
भट्टीचा धूर कधी पोचला नव्हता.

कॅनमधून काळी, ओली, वळवळणारी माती आली,
जेमतेम पाच किलो.
एवढ्यानं काय होणार, शेजारचा अन्झे हसला.
"दही लावताना दुधाइतकं दही घेतोस का?"
शेणखत आणि बीचचा पालापाचोळा पसरून
त्यांनी चमच्याचमच्यानं ती मधेमधे ठेवली,
वर गवत झाकलं.
"आता हलवायचं नाही. ऊब राहू दे."
मी माझ्या वहीत लिहिलं : जैविक पुनर्स्थापना.
तेच ते.

पुढचं वर्षभर खायचं काहीच पेरलं नाही.
राय. क्लोव्हर. मग कापून तिथंच आडवं.
कधी फोन करून मी विचारायचो, काही फरक?
"झाकण उघडून बघत राहिलं की
दही लागत नाही," आणि फोन बंद.

आज पुन्हा शर्ट खणला.
म्हणजे शर्ट असा उरला नव्हता;
कॉलरमधलं ताठ अस्तर,
शिवणीचा नायलॉनचा दोरा, कुणाचीच बाजू नसलेला,
आणि दोऱ्याच्या वेटोळ्यात झोपलेलं एक गांडूळ.
ते त्यांनी पुन्हा झाकलं.
मूठभर माती माझ्या नाकाशी आणली.
मला नेमकी सर्दी झालेली.
तुम्हीच सांगा, म्हटलं मी.
त्या सांगणार होत्या काहीतरी,
पण नेजानं तेवढ्यात त्यांचा हात ओढून
आपल्या नाकाला लावला
आणि शिंकली.

बटणं पदरच्या एप्रनवर पुसून त्यांनी मोजली.
सहा.
मी खड्ड्यात सातवं शोधायला वाकलो.
"राहू दे," म्हणाल्या,
"ते तो असतानाच तुटलं होतं.
मीच लावलं नाही."